कुर्ला ते तळेगाव : मोटारीचे कारखाने, त्यांमागचे राजकारण आणि कामगार

शीवहून निघणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप अशी गावे घेत मुलुंडच्या चेकनाक्याशी ठाण्याच्या हद्दीला लागतो. श्रोत्यांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना या रस्त्याची सकाळ आठवत असेल. पहिल्या पाळीला निघालेल्या सायकली, हातातले डबे, फाटकासमोरच्या चहाच्या टपऱ्या आणि एकामागून एक वाजणारे भोंगे! आज त्यांतल्या बहुतेक फाटकांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि वीस-वीस मजली वसाहती उभ्या आहेत. रस्ता तोच आहे. त्या रस्त्याने कामाला जाणारी माणसे कुठे गेली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

मध्यंतरी एका बैठकीत एका सुशिक्षित तरुणाने आम्हांला विचारले, "जगभर विजेच्या मोटारींच्या कारखान्यांतून कामगार कमी होत आहेत. यंत्र बदलले की माणसे बदलणारच. यात तुम्ही राजकारण कशाला आणता?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. यंत्र बदलले की काम बदलते हे आम्ही नाकारीत नाही. विजेच्या मोटारीला इंजिन नसते, गिअरबॉक्स साधी असते, धुराडे नसते. ते भाग घडविणाऱ्या हातांचे काम कमी होणार, हे उघड आहे. परंतु कोणता कारखाना बंद पडतो, केव्हा बंद पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे यंत्र ठरवीत नाही. ते कुठल्या तरी टेबलावर बसून माणसेच ठरवितात, आणि त्या टेबलाशी कामगाराला बहुधा खुर्ची नसते. आमच्या मुंबईचा आणि महाराष्ट्राचा मोटारींचा इतिहास याची साक्ष देतो.

हा इतिहास शिवडीपासून सुरू होतो. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग परदेशांतून पेट्यांत भरून यावेत, ते इथे जोडावेत आणि गाडी विकावी, असा तो धंदा होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारले की, तुम्ही भाग इथे बनविणार की नुसते जोडणार? १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्याजवळ देशातच मोटार घडविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना ते मानवले नाही. त्यांनी गाशा गुंडाळला. धोरण योग्य होते असेच आमचे मत आहे. पण ध्यानात घ्यावयाचे ते हे की, शिवडीचे काम कोणत्याही नव्या यंत्रामुळे गेले नाही. ते दिल्लीतल्या एका निर्णयाने गेले.

याच निर्णयाने कुर्ल्याचे नशीब उघडले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. पुढे इटलीच्या फियाटशी झाला. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट आणि १९७० च्या दशकात तिलाच मिळालेले 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मुंबईकराला सांगावयास नको. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती गाडी या शहराची ओळख झाली. अशा गाडीची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदविली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिला मोठ्या प्रेमाने निरोप दिला. ती जोडणाऱ्या हातांविषयी मात्र त्या दिवशी फारसे काही वाचावयास मिळाले नाही.

कुर्ल्याच्या कारखान्याभोवती एक कामगारवर्ग उभा राहिला. कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेली माणसे इथे टर्नर, फिटर, वेल्डर झाली. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकड्यांवरच्या खाणकामगारांत डॉक्टरी करता करता युनियनच्या कामात उतरलेले डॉ. दत्ता सामंत याच पट्ट्यात पुढारी म्हणून वाढले. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत, आमचेही होते. पण पगारवाढ ही मालकाची मेहेरबानी नसून हक्काची गोष्ट आहे, हे त्या काळात या रस्त्यावरच्या साध्या कामगाराला कळले, हे कोणी नाकारू नये. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला घराजवळ त्यांचा खून झाला. तोवर या रस्त्यावरच्या कारखान्यांची उतरंड सुरू झालेली होती.

ती का लागली? एक कारण असे की, १९८३ च्या अखेरीस मारुतीची गाडी बाजारात आली. ती कंपनी केंद्र सरकारची, सोबत जपानची सुझुकी, आणि धोरणाचा वारा तिच्या शिडात! परवाने आणि आयातबंदी यांच्या आडोशाने वाढलेल्या जुन्या कारखान्यांनी गाडी सुधारण्याची तसदी घेतली नव्हती, हेही खरे. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे पैसे भरून थांबत होते. मग मालकाने नवे यंत्र कशाला आणावे? १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला आणि तो आडोसा गेला. प्रीमियरने एकीकडे फ्रान्सच्या प्यूजोशी आणि दुसरीकडे फियाटशी नव्या गाड्यांसाठी हात मिळविले. कुर्ल्यात फियाटची उनो आणि नंतर पॅलिओ निघू लागली. पण ते बस्तानही तिथे टिकले नाही; फियाटचा मुक्काम पुणे जिल्ह्यात रांजणगावला हलला.

दुसरे कारण जमिनीचे, आणि ते अधिक खोल आहे. मुंबईतली गर्दी कमी व्हावी आणि मागास भागांत उद्योग जावेत, या हेतूने राज्य सरकारने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले आणि १९६४ पासून मुंबईबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची योजना सुरू केली. ठाणे-बेलापूर, पिंपरी-चिंचवड, नाशिक हे पट्टे त्यातून वाढले. हेतू चांगलाच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, बाहेर गेलेल्या मालकाला तिकडे स्वस्त जमीन आणि करसवलत मिळाली, आणि इकडे मुंबईतली जुनी जमीन हातात राहिली. पुढे उपनगरांतल्या जमिनीचे भाव असे चढले की, शेडमध्ये वर्षभर माल काढून जेवढे मिळेल त्यापेक्षा शेड पाडून अधिक मिळू लागले. कारखाना तोट्यात आहे की नाही, या प्रश्नाला मग अर्थच उरत नाही. जमिनीच्या भावाशी मोजला तर कोणताही कारखाना तोट्यातच दिसतो. कुर्ल्याला मोटारीच्या कारखान्याच्या जागी आज उंच इमारती आहेत.

इथे आमच्याही एका चुकीची कबुली दिली पाहिजे. आम्ही विशी-पंचविशीत असताना भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. आम्ही समितीत होतो. रात्र-रात्र बसून आम्ही हिशेब केला: नोकरीच्या प्रत्येक वर्षाला किती दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी किती, फंड किती. दोन वाटाघाटींत आकडा वाढवून घेतला आणि तो मोठा विजय मानला. जमिनीचे काय होणार, हा प्रश्न आमच्या कागदावर कुठेच नव्हता. शेवटच्या दिवशी एक जुना मोल्डर धनादेश खिशात घालून म्हणाला, "भाऊ, पैसे मिळाले. पण उद्या पहाटे बायको डबा करायला उठेल, तिला काय सांगू?" त्याला आम्ही काहीतरी उत्तर दिले असेल, ते आम्हांला आठवत नाही. पुढे त्या जागेवर काय उभे राहिले ते सर्वांसमोर आहे. आम्ही पैशाचा हिशेब केला, पण ज्याच्यासाठी ते पैसे दिले जात होते ती वस्तू कोणती, हेच ओळखले नाही.

आता तळेगावकडे वळू. जनरल मोटर्स १९९० च्या दशकात पुन्हा भारतात आली. प्रथम गुजरातेत हालोलला आणि मग २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला, औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात, तिने कारखाना काढला. शेव्हरोले नावाच्या लहान गाड्या तिथे बनत. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की, भारतात गाड्या विकणे आपण थांबविणार. हालोल बंद झाले आणि त्याच वर्षी चीनच्या सायक कंपनीने ते घेतले. जानेवारी २०२० मध्ये तिथली विजेवर चालणारी गाडी बाजारात आली. तळेगावला मात्र निर्यातीसाठी गाड्या निघत राहिल्या.

त्याच जानेवारीत जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना चीनच्याच ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात दिल्लीजवळच्या मोटारप्रदर्शनात ग्रेट वॉलने आपली विजेची छोटी गाडी मांडली. तळेगावच्या कामगाराला वाटले असेल की, मालक बदलेल, गाडी बदलेल, पण काम राहील. पुढे जे घडले ते तारखांनिशी पाहण्यासारखे आहे. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने नियम केला की, ज्या देशांची सीमा भारताला भिडते तिथून येणाऱ्या भांडवलाला आधी सरकारची परवानगी लागेल. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलबरोबर ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री लडाखमध्ये गलवानच्या खोऱ्यात चकमक झाली आणि आपले वीस जवान धारातीर्थी पडले. काही दिवसांतच राज्याने चिनी कंपन्यांशी केलेले करार स्थगित ठेवले.

आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. देशाच्या सीमेचे रक्षण प्रथम, याविषयी कामगारांत दोन मते नाहीत. त्या वीस जवानांच्या घरांतही शेतकरी आणि कामगारच आहेत. परकी भांडवल कोणाचे घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार सरकारचाच आहे. प्रश्न इतकाच की, राष्ट्राच्या हितासाठी जो निर्णय घेतला गेला त्याचा भार राष्ट्राने उचलला की तळेगावच्या कामगारांनी? २४ डिसेंबर २०२० रोजी तिथले उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ देण्यात आला. परवानगीची वाट पाहून ग्रेट वॉलने २०२२ च्या मध्याला नाद सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये तो पुरा झाला, आणि २०२५ मध्ये तळेगावहून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. कारखाना जगला. जुने कामगार मात्र नव्या मालकाकडे कामावर घ्या अशी मागणी करीत २०२३ मध्ये उपोषणाला बसले होते.

असे कसे होते? तेच फाटक, तीच शेड, तीच जमीन, आणि माणसे मात्र परकी? याचे उत्तर कायद्याच्या एका फटीत आहे, आणि ती फट सर्व नागरिकांनी समजून घेण्यासारखी आहे.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा चार गोष्टींत भेद करीत असे. मालाच्या, वीजपुरवठ्याच्या किंवा यंत्राच्या अडचणीने मालक काही काळ काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. नोकरी चालू असते आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांचा निम्मा भाग मिळतो. जादा ठरलेल्या कामगाराला काढून टाकणे ती कपात. तिथे नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांची सरासरी मजुरी ही किमान भरपाई. वाद मिटेपर्यंत मालकाने दार लावून घेणे ती टाळेबंदी. आणि धंदाच कायमचा गुंडाळणे ती बंदी. बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागावी अशी तरतूद १९७६ मध्ये आली. मुंबईच्याच एक्सेल वेअर या कपड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. मग संसदेने ती सुधारून पुन्हा घातली आणि तीनशेऐवजी शंभर कामगारांच्या कारखान्यांपर्यंत आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. जुन्या कायद्यात होते तसेच संहितेतही आहे: अर्ज केल्यापासून साठ दिवसांत सरकारने उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे. सरकारचे मौन हीच संमती!

आता ती फट पाहा. चालता धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि नव्या मालकाने कामगारांची नोकरी अखंड चालू ठेवली, तर त्यांची जुनी वर्षे आणि शर्ती कायम राहतात. परंतु त्याने ती चालू ठेवलीच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. कपात केलेल्या कामगाराला पुन्हा भरतीत अग्रहक्क आहे, पण तो त्याच मालकाकडे. दुसऱ्या मालकाकडे नाही. म्हणून आधी उत्पादन थांबवावे आणि मग जमीन, इमारत व यंत्रे एवढीच मालमत्ता म्हणून विकावीत. घेणारा म्हणतो, आम्ही वस्तू घेतल्या, माणसे घेतली नाहीत. विकणारा म्हणतो, आमचा इथे धंदाच उरला नाही. दोघेही कायद्याने बरोबर असतात. ज्याने त्या वस्तूंना बारा-बारा वर्षे चालते ठेवले, तो मात्र कोणाच्याच वहीत सापडत नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडेच होते. पुढारलेल्या देशांत असे नसावे. तिथलेही पाहू. अमेरिकेत ओहायो राज्यात लॉर्ड्‌सटाऊनचा जनरल मोटर्सचा कारखाना मार्च २०१९ मध्ये थांबला. कामगारांनी आपली घरे विकू नयेत, काम परत येणार आहे, असे अध्यक्ष ट्रंप यांनी २०१७ मध्ये त्याच भागातल्या सभेत सांगितले होते. कारखाना एका नव्या कंपनीने विजेचे ट्रक काढण्यासाठी घेतला. जून २०२३ मध्ये तिने दिवाळे काढले. पुढे ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने विजेची मोटार घेणाऱ्याला मिळणारी ७,५०० डॉलरांची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपविली. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने डेट्रॉइटच्या विजेच्या गाड्यांच्या कारखान्यातून सुमारे १,२०० कामगार कमी करण्याचे जाहीर केले. युरोपात ब्रसेल्सला औडी कंपनीचा कारखाना फक्त विजेच्या गाड्या काढीत होता. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस तोही बंद झाला आणि सुमारे ३,००० जणांचे काम गेले. तेव्हा विजेची गाडी आली म्हणून काम गेले, असे म्हणावे तरी अडचण. विजेची गाडी खपली नाही म्हणूनही काम जातेच!

आपल्या देशातही विजेच्या गाड्यांचा धंदा सरकारी अनुदानावर उभा राहिला आहे. २०१९ ते मार्च २०२४ या काळातल्या योजनेला आरंभी १०,००० कोटींची तरतूद होती. जून २०२३ मध्ये दुचाकींचे अनुदान एकदम घटविले गेले. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून नवी योजना आली. अनुदान जनतेच्या करांतून जाते. ते द्यावे, हवा स्वच्छ व्हावी; चेंबूर आणि घाटकोपरच्या लोकांना धुराचे दुःख काय ते कोणी शिकवावयास नको. पण अनुदान वाढले की भरती, घटले की कपात, हा पाळणा किती दिवस हलविणार? मालक तोट्याची तजवीज आधी करून ठेवतो. कंत्राटी कामगाराला नोटीसही लागत नाही. त्याला उद्या येऊ नको म्हटले की झाले. त्याचे नाव कपातीच्या आकड्यात धरलेही जात नाही.

मग करावयाचे काय? यंत्र फोडा, विजेची गाडी अडवा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. ती येणार, आणि यावी. आमच्या मागण्या चार आहेत. सरकार जेव्हा स्वस्त जमीन, करमाफी किंवा अनुदान देते तेव्हा करारात रोजगाराचे आकडे घालते; ते आकडे वर्तमानपत्रातल्या बातमीपुरते न ठेवता अटी म्हणून धरावेत, आणि मोडले तर सवलत वसूल व्हावी. दुसरी मागणी अशी की, सवलतीच्या जमिनीवरचा कारखाना मालमत्ता म्हणून विकला तरी, नव्या मालकाच्या भरतीत जुन्या कामगारांना पहिला हक्क असावा. तिसरी, देशाच्या परराष्ट्रधोरणामुळे किंवा अनुदानाच्या फेरबदलामुळे काम गेले, तर त्या काळचा पगार आणि नवे शिक्षण यांचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या मजुरीचा कौशल्यनिधी आहे. पंधरा दिवसांत फिटरचा बॅटरीचा कारागीर होत नाही, हे कोणत्याही वर्कशॉपच्या फोरमनला विचारावे. आणि चौथी मागणी स्वतःकडेच आहे. आम्ही युनियनवाल्यांनी पगाराच्या टक्क्यापलीकडे पाहावयास शिकले पाहिजे. कंपनीची ऑर्डर कुठून येते, जमीन कोणाच्या नावे आहे, अनुदान केव्हा संपते, हे कारखाना चालू असतानाच माहीत असावयास हवे. फाटकावर नोटीस लागल्यावर ते शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

त्या मोल्डरच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. आजही पुरते देता येईल असा दावा नाही. पण एवढे निश्चित की, ते उत्तर एकट्या युनियनच्या कचेरीत सापडणार नाही. ज्या नागरिकाच्या करातून अनुदान जाते, ज्याच्या नावाने जमीन दिली जाते आणि जो हा मार्ग रोज तुडवितो, त्यानेही तो प्रश्न आपला मानला पाहिजे. पुढच्या वेळी कुठल्या मंत्र्याच्या हस्ते विजेच्या गाडीच्या कारखान्याची कोनशिला बसेल तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या अवश्य वाजवाव्यात, मात्र टाळ्या थांबल्यावर उठून एवढेच विचारावे, "साहेब, हा कारखाना विकला गेला, तर यातल्या माणसांचे काय ठरले आहे?"